मिनिटाला एक तास

ब्रिडी ट्रिफिटने स्क्रूड्रायव्हर दातांत धरला, दोन्ही हात कंट्रोलरच्या कपाटामागे घातले आणि चाचपडत केबलचं टोक डबीत खुपसलं. डबीवरचा हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि पुन्हा विझला.

"लागला का?" मर्व्ह डिरीनने स्टुलावर बसल्या बसल्या विचारलं.

"लागेल. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही बिचाऱ्याला. थोडा भाव खाणारच."

"मलाही कुणी विचारत नाही. मी खातो का भाव?"

"तू सॉसेज रोल खातोस, मर्व्हकाका. माझा होता तो."

मर्व्ह हसला आणि त्याने मिशीवरचे तुकडे झटकले. चौसष्ट वर्षांचा गडी. त्यातली चाळीस स्लेटर्स बंधाऱ्यावर काढलेली. येत्या शुक्रवारी तो निवृत्त होणार होता आणि त्याच्यामागे या खोलीत कुणीच बसणार नव्हतं. गेट इथून पुढे होबार्टच्या ऑफिसातून, नेटवर्कवरून चालणार होतं. म्हणून तर ब्रिडीला पाठवलं होतं.

काम म्हटलं तर दोन तासांचं. कपाटातला कंट्रोलर जुन्या वळणाचा. बोलायचा तो एका सिरीयल तारेतून, तेही सावकाश, एकेक अक्षर. काड्यापेटीपेक्षा जरा मोठी अशी ही डबी त्याचं बोलणं नेटवर्कवर चढवायची. आजवर ती उघडीच पडली होती, कुणीही यावं आणि डोकावून जावं. आता ऑफिसने फर्मान काढलं होतं की डबीला फायरवॉल लावा, दोनच पत्त्यांना आत सोडा, बाकी सगळ्यांना मनाई; आणि कंट्रोलर जे काही बोलेल ते ईमेलने पाठवायची सोय करा. पाचच्या आत झालं नाही तर बंधारा नेटवर्कवरून तोडू.

"या खेपेला स्वतःला आधी आत घे," मर्व्ह म्हणाला. "नाहीतर गेल्या वर्षीसारखं व्हायचं."

गेल्या वर्षी एका पंपावर ब्रिडीने 'सर्वांना मनाई' ही ओळ आधी टाकली आणि स्वतःचा पत्ता लिहायचा राहूनच गेला. बटण दाबलं, तशी डबीने पहिलं तिलाच हाकललं. चार तास गाडी हाणत तिथे जाऊन, टाचणी टोचून डबी मूळपदावर आणावी लागली. या धंद्यात ही चूक प्रत्येकाच्या हातून एकदा होते. दुसऱ्यांदा झाली की नाव पडतं.

"तुला कुणी सांगितलं ते?"

"अख्ख्या खोऱ्याला माहीत आहे, पोरी."

खिडकीबाहेर धुकं इतकं खाली उतरलं होतं की बंधाऱ्याचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं. अलीकडच्या चढावर रखवालदाराच्या घराचं नुसतं धुराडं उभं होतं. ब्रिडी सहा वर्षांची होईपर्यंत त्या घरात राहिली होती. तिचा बाप, क्लेम ट्रिफिट, याच खोलीत, याच स्टुलावर बसायचा. आणि एकतीस वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका गुरुवारी, खालच्या गेटपाशी तो गेला.

गेला तो गेला, वर बदनाम होऊन गेला. इथला नियम पोरासोरांना पाठ असतो. गेटखाली उतरायचं तर आधी या खोलीच्या भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढायचा आणि त्यावर आपला लाल टॅग लटकवायचा. टॅगवर आपलं नाव, आपला फोटो. ज्याने लावला त्यानेच तो काढायचा. दुसऱ्याच्या टॅगला हात लावणाऱ्याला इथे कुणी दारात उभं करत नाही. चौकशीत असं ठरलं की क्लेमने स्विच ओढला नाही, टॅग लावला नाही, तसाच अडकलेले ओंडके काढायला खाली उतरला. पाणी खुणेवर चढलं आणि गेट आपोआप वर गेलं.

तेव्हापासून होबार्टला नव्या पोरांचा पहिला वर्ग क्लेम ट्रिफिटच्या गोष्टीने सुरू होतो. ब्रिडी एकोणिसाव्या वर्षी त्या वर्गात बसली होती. शिकवणाऱ्याने हजेरीपट बघितला नव्हता; बाजूच्या पोरांनी बघितला होता. "एका माणसाचा आळस," शिकवणारा म्हणाला, आणि सगळा वर्ग तिच्याकडे वळला. त्या दिवसापासून तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, बापाच्या नावावरचा तो डाग पुसायचा होता. अहवाल वाचून वाचून त्याची पानं सुटी झाली होती. न्यू नॉरफोकच्या वृद्धाश्रमात दर रविवारी ती आईपुढे तेच दळण दळायची आणि आई दर रविवारी म्हणायची, "सोड ना गं आता." उद्या सकाळीही एक नवा वर्ग होता. त्यात बारा पोरं होती.

दिवा का लागत नाही ते तिला शेवटी सापडलं. बोलण्याआधी समोरचा ऐकायला तयार आहे का ते कंट्रोलर बघून घ्यायचा. त्यासाठी केबलमध्ये एक तार वेगळी असते. डबी बसवणाऱ्याने ती जोडलीच नव्हती. गेट हलवायला ती लागत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ब्रिडीने ती जोडली आणि दिवा लागला. मग लॅपटॉपवर ईमेलचं पान उघडून तिने सर्व्हरचा पत्ता टाकला. पाठवणाऱ्याच्या जागी बंधाऱ्याचं नाव लिहिलं, मिळणाऱ्याच्या जागी तूर्त आपलंच. ऑफिसचा पत्ता सगळं तपासून झाल्यावर शेवटी घालायचा, ही तिची रीत होती.

तिने बटण दाबलं. कंट्रोलरच्या पोटात कुठेतरी टक् झालं.

पहिली मेल आली. आत एकच ओळ होती: सोमवार, ८ मार्च १९९३. १२:००. पाणी १.८० मीटर.

"घड्याळ बोंबललंय याचं," ती हसून म्हणाली.

टक्. दुसरी मेल. त्याच तारखेची. १२:३०. पाणी १.८०.

टक्. १३:००.

ब्रिडी हसायचं थांबली. बिघडलेलं घड्याळ दर अर्ध्या मिनिटाला अर्धा तास पुढे जात नाही. तिने हात मागे घेतला आणि स्क्रीनकडे नुसती बघत राहिली.

"काय गं?" मर्व्हने विचारलं.

"मर्व्हकाका, पूर्वी इथे प्रिंटर होता ना? कंट्रोलर बोलेल ते कागदावर छापणारा?"

"होता. खडखडाट करायचा मेला."

"अहवालात लिहिलंय, अपघाताच्या आठवड्यात सोमवारी दुपारी त्याचा कागद संपला. सुट्टीचा सोमवार, कुणी बदलला नाही. म्हणून गुरुवारची नोंद नाही."

"बरोबर. मग प्रिंटरच काढून टाकला."

"नोंद आहे," ब्रिडी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "याने पोटात ठेवली होती. पोट भरलं आणि हा गप्प बसला. आता मी ती तार जोडली. याला वाटतंय, कागद आला."

टक्.

मर्व्हने हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि तो ठेवताना बशीत चहा सांडला.

ब्रिडीने हिशेब घातला. अर्ध्या तासाची एक ओळ आणि अर्ध्या मिनिटाला एक मेल. म्हणजे इथलं एक मिनिट हा तिथला एक तास. भिंतीवरच्या घड्याळात बारा पन्नास झाले होते. गुरुवारची दुपार यायला सव्वा तास होता. घाई करायची सोय नव्हती. म्हाताऱ्या कंट्रोलरला मधेच तोडलं तर राहिलेलं तो सांगेल की नाही, कुणास ठाऊक.

तिने फायरवॉलचं पान उघडलं. हात रिकामे ठेवणं तिला जमणार नव्हतं. पहिल्या ओळीत तिने स्वतःचा पत्ता लिहिला.

सोमवारची संध्याकाळ गेली, रात्र गेली. रात्र म्हणजे बारा मिनिटं. पाणी १.९०, पाणी २.००. मग अध्येमध्ये एक वेगळी ओळ आली: मंगळवार, ७:०२. दार उघडलं.

"हे काय?" तिने विचारलं.

मर्व्हने घसा खाकरला. "या पुढच्या दाराला तेव्हा एक बटण होतं; मागून गेटकडे उतरायच्या दाराला नव्हतं. दार उघडलं की याला कळायचं; बराच वेळ उघडं राहिलं तर मग लागल्याचंही. सात वाजून दोन मिनिटं म्हणजे तुझा बाप. त्याच्यावर घड्याळ लावावं असा माणूस. मी साडेसातला यायचो, तर म्हणायचा, दुपार झाली."

७:३१. दार उघडलं.

"आणि हा मी," मर्व्ह म्हणाला.

त्या ओळींच्या आत दोघं होते. दोघांनी कोट काढून खुंटीला लावले असतील, किटली ठेवली असेल. बाहेर धुक्यात नदी संथ होती, आणि आत पाणी चढत होतं: २.३०, २.४०, २.६०. एकतीस वर्षांपूर्वी समुद्राला मिळालेलं पाणी. मर्व्ह मात्र दर थोड्या वेळाने उठून खिडकीतून बाहेरच्या मोजपट्टीकडे बघून येत होता.

"तिथे काय बघतोस? पाणी चढतंय ते इथे."

"सवय," तो म्हणाला.

बुधवारी सकाळी पुन्हा ७:०२. ब्रिडीने घड्याळ बघितलं. अजून एकतीस मिनिटं बाबा जिवंत आहे, असं तिच्या मनात आलं आणि ते तिला काही केल्या काढून टाकता येईना. मनाशी ती एकदा म्हणालीही, आज आजारी पड, बाबा, घरी राहा. मग स्वतःचीच लाज वाटून तिने फायरवॉलच्या दुसऱ्या ओळीत ऑफिसचा पत्ता लिहिला, चुकला, खोडून पुन्हा लिहिला.

"तुझी ती भिंत," मर्व्ह अचानक म्हणाला. "फायरवॉल. ती हे अडवू शकते का?"

"काय अडवू शकते?"

"हेच. या मेली. जाताना."

"अडवायला सांगितलं तर अडवेल."

"मग अडव ना."

ब्रिडीने मान वळवली. मर्व्ह तिच्याकडे बघत नव्हता, आपल्या बुटांकडे बघत होता.

"का म्हणून?"

"उगाच. मेलेल्या माणसाच्या वाटेने चालायला जाऊ नये. माझी आजी म्हणायची."

"तुझी आजी मी पाचवीत असताना गेली. ती काय म्हणायची ते मला माहीत आहे. ती म्हणायची, मर्व्ह लबाड आहे."

एरवी तो यावर हसला असता. या माणसाने ब्रिडीच्या आईकडे दर हिवाळ्यात गाडीभर लाकूड आणून टाकलं होतं. तिला सायकल शिकवली होती, लग्नात बापाच्या जागी तो उभा राहिला होता. आणि चौकशीत साक्षही त्याचीच होती: 'मी जेवायला गेलो होतो, तीननंतर परतलो. मेन स्विच चालू होता, टॅग नव्हता.' सगळा अहवाल त्या एका साक्षीवर उभा होता. ते तिला आजवर शंभरदा वाचूनही कधी खटकलं नव्हतं.

"मर्व्हकाका, गुरुवारी काय आहे?"

"येईलच की," तो म्हणाला.

बुधवारची रात्र बारा मिनिटांत सरली. पाणी ३.००. पाणी ३.१०. गुरुवारी ७:०२ ला दार उघडलं आणि ब्रिडीने ओठ चावला. १२:५८ ला दार पुन्हा उघडलं.

"हा मी. जेवायला निघालो," मर्व्ह पुटपुटला.

१३:००. १३:३०. पाणी ३.४०.

टक्.

१३:५२. मेन स्विच खाली.

ब्रिडीने ओळ वाचली. मग बोट ठेवून एकेक शब्द वाचला. मग तिने टेबलावर अशी मूठ आपटली की किटलीचं झाकण उडालं.

"ओढला होता! मर्व्हकाका, त्याने स्विच ओढला होता! आळस म्हणे! एकतीस वर्षं, एकतीस वर्षं त्या माणसाला..." ती रडत होती आणि रडता रडता हसत होती. मर्व्हने मान खाली घातली होती. त्याला आनंद झालेला नाही हे तिने बघितलं, आणि तिचं रडणं आटलं.

टक्. १४:००. पाणी ३.४५.

टक्. १४:१०. दार उघडलं.

भिंतीवरच्या घड्याळात त्या क्षणी दोन वाजून दहा मिनिटंच झाली होती. दोघांनी एकदम दाराकडे बघितलं. दार लागलेलं होतं, कडीसकट. काचेवर धुकं टेकलं होतं आणि बाहेर कुणी नव्हतं, तरी ब्रिडीला ते पुरतं खरं वाटेना.

१४:१२. दार लागलं.

१४:२९. दार उघडलं.

१४:३०. पाणी ३.५०.

१४:३१. मेन स्विच वर.

१४:३२. गेट वर.

त्यानंतरची टक् त्यांना ऐकू आली, पण ओळ कुणी वाचली नाही.

"तू तीनला नाही आलास," ब्रिडी सावकाश म्हणाली. "साडेदोनला आलास. स्विच खाली होता आणि तू तो वर केलास."

"हो."

"बाबा खाली होता."

"हो, पोरी."

"आणि टॅग? त्याचा टॅग काढून तू..."

"नाही." मर्व्हने पहिल्यांदा वर बघितलं. "स्विच मी वर केला. पाणी खुणेवर आलं होतं, बंधारा फुटला असता. खाली बघितलं, धुकं होतं. हाका मारल्या. टॅग नव्हता, पोरी. टॅग नाही म्हणजे खाली माणूस नाही, हे मला शिकवलं कुणी? क्लेमनेच. टॅग असता तर मी बंधारा वाहू दिला असता."

"खोटं बोलतोस. ज्याने स्विच ओढला तो टॅग लावणार नाही? माझा बाप?"

"त्याने लावला होता."

"मग गेला कुठे?"

ब्रिडीने रागाने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि ओळी पुन्हा वर सरकवल्या. तिचं बोट एका जागी थांबलं.

"दोन दहा," ती म्हणाली. "दोन दहाला कुणीतरी आत आलं, दोन मिनिटं होतं, निघून गेलं. तू नव्हतास. बाबा खाली होता. कोण आलं होतं?"

"वारा असेल."

"वारा जाताना दार लावून घेत नाही. कोण आलं होतं, मर्व्हकाका?"

मर्व्हने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. आता तो फार म्हातारा दिसत होता.

"त्या आठवड्यात तुला कांजिण्या होत्या," तो म्हणाला. "शाळेत गेली नव्हतीस."

ब्रिडीला कांजिण्या आठवत होत्या. त्या दिवसांतलं तिला तेवढंच आठवत होतं: खाज, गुलाबी औषधाचा वास, आणि आई कुणाशी तरी रडत बोलत असल्याचा आवाज.

"तुझी आई रात्रभर जागून दुपारी झोपली होती. तू उठलीस आणि बापाला शोधत इथे आलीस. नेहमीच यायचीस. तो नव्हता. पण टॅगवर त्याचा फोटो होता." मर्व्ह थांबला. "शनिवारी तुझ्या आईला, वेर्नाला, तो तुझ्या उशीखाली सापडला. कुठून आणलास विचारलं, तर म्हणालीस, बाबा भिंतीवर एकटाच होता, म्हणून घरी आणला."

टक् झालं. १५:००. पाणी ३.३५. गेट वर गेल्यामुळे पाणी उतरायला लागलं होतं.

ब्रिडीने आपले दोन्ही हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवले.

"पहिलं खोटं मी माझ्यासाठी बोललो," मर्व्ह म्हणाला. "गुरुवारी रात्रीच. घाबरलो होतो. नोकरी जाईल, तुरुंगात टाकतील. म्हटलं, स्विच चालूच होता. शनिवारी टॅग सापडला. मी वेर्नाला म्हटलं, मी जाऊन खरं सांगतो. तिने मला दारातून परत फिरवलं. म्हणाली, मेलेल्या माणसाला बोल लागत नाही. पोरीला जन्मभर लागेल. क्लेमला विचारलं असतं तर तोही हेच म्हणाला असता. टॅग तिने चुलीत घातला."

"दर रविवारी मी तिच्यापुढे..." ब्रिडीच्या डोळ्यांपुढे आला आईचा तो चेहरा, तिचं ते 'सोड ना गं आता'. नवऱ्याच्या नावाची लक्तरं होताना ती बाई एकतीस वर्षं तोंडातून एक शब्द न काढता बसली होती. ब्रिडीला आईची दया आली, रागही आला, आणि या दोन्हींच्या खाली एक सहा वर्षांची पोर लाल टॅग छातीशी धरून धुक्यातून चढ चढत होती. तिचं काय करायचं हे ब्रिडीला कळेना.

कंट्रोलर आपला बोलतच होता. १६:२०, दार उघडलं. १६:२१, दार उघडलं. १६:२४. माणसं आली होती. दार सारखं उघडत होतं आणि लागत होतं.

"पुसून टाक," मर्व्ह हळूच म्हणाला. "त्याच्या पोटातून गेलं ते गेलं. आता फक्त तुझ्या मेलवर आहे. मेल कुणाला जायची तिथे ऑफिसचा पत्ता तू अजून टाकला नाहीस, मी बघत होतो. तुझ्या आईला माहीत, मला माहीत. मी शुक्रवारी जातो. संपलं."

"आणि बाबा?"

"तो काही मागत नाही, पोरी."

"उद्या बारा पोरं आहेत."

"असू देत ना. गोष्ट कामाची आहे. त्या गोष्टीने कितीतरी जण वाचले असतील."

ब्रिडीने नाक पुसलं. तिने फायरवॉलच्या ओळी वरपासून खालपर्यंत एकदा वाचल्या. आपला पत्ता होता, ऑफिसचा होता. मग तिने तिसरी ओळ टाकली, सर्वांना मनाई, आणि बटण दाबलं. डबीने तिला आतच ठेवलं. ईमेलच्या पानावर जाऊन मिळणाऱ्यांच्या जागी तिने ऑफिसचा पत्ता घातला. गुरुवारची उरलेली संध्याकाळ आता थेट होबार्टला जायला लागली. शेवटी तिने आपल्याकडच्या आठ ओळी निवडल्या, १३:५२ पासून १४:३२ पर्यंतच्या, आणि त्याही तिकडे पाठवल्या. १४:१० ची ओळ तिने वगळली नाही.

"तुला त्रास होईल," ती मर्व्हला म्हणाली. "मला वाईट वाटतंय. तरी पाठवलं."

"मला व्हायलाच हवा होता," तो म्हणाला. "पण तू कशाला?"

तिने फोन उचलला. होबार्टला वर्ग घेणारी ग्रेटा नेटलफोल्ड दुसऱ्या घंटेला बोलली.

"ग्रेटा, मी ब्रिडी. उद्याचा पहिला तास मी घेते."

"ब्रिडी, त्यात तुझ्या बाबांची गोष्ट असते. मी नेहमी तुझी सुट्टी बघून वर्ग ठेवते गं. उद्या जमलं नाही, म्हणून म्हटलं..."

"ती गोष्ट चुकीची सांगता तुम्ही. त्याने स्विच ओढला होता. टॅग लावला होता. नोंद सापडली, तुमच्याकडे पाठवली आहे."

"अगं बाई." ग्रेटाचा श्वास ऐकू आला. "मग टॅग गेला कुठे? काढला कुणी?"

मर्व्ह मान हलवून नको, नको म्हणत होता. टक् झालं. ब्रिडीने त्याच्याकडे पाठ केली आणि फोन दोन्ही हातांनी धरला.

"पोरांना म्हणावं, पुढच्या बाकांवर बसा," ती म्हणाली. "काढणारी उद्या स्वतः येतेय."